बिस्किटांची फुले, पाकळी न मोडता

घरी केक करणे आता नवलाचे राहिलेले नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर ज्यांनी कधी ओव्हनचे बटण फिरवले नव्हते, त्यांनीही केक आणि पाव करून पाहिले. पण बिस्किटाला फुलाचा आकार द्यायचा म्हटले की अजूनही अनेकींचा हात आखडतो. त्याला कारणही तसेच असते. मुलीच्या वाढदिवसासाठी हौसेने साचा आणलेला असतो. पाच पाकळ्यांची नेटकी फुले ट्रेमध्ये मांडलेली असतात. पंधरा मिनिटांनी ओव्हनचे दार उघडावे, तर आत फुले नाहीतच! एकमेकांना चिकटलेल्या, फुगीर, वेड्यावाकड्या चकत्या तेवढ्या दिसतात. मग त्यांचे रूप झाकायला वर रंगीत आयसिंग थापले जाते. तेही ओघळते. घरात कुणी हसते, कुणी समजूत घालते आणि साचा वरच्या फळीवर जाऊन बसतो.

अशा वेळी दोष ओव्हनला दिला जातो, मैद्याला दिला जातो, नाहीतर ‘माझ्या हाताला हे जमत नाही’ असे म्हणून स्वतःलाच दिला जातो. वास्तविक बहुतेक वेळा दोष यांपैकी कुणाचाच नसतो. फूल ओव्हनमध्ये शिरण्याआधीच त्याचे काय होणार हे ठरलेले असते. ते ठरते पिठाच्या थंडपणावर, साहित्याच्या प्रमाणावर आणि करणारीने कामाला किती वेळ दिला त्यावर. एवढे लक्षात आले की साध्या ओव्हनमध्ये, अगदी झाकण घातलेल्या कढईतसुद्धा, पाकळ्या शाबूत ठेवून फुले भाजता येतात.

फुलांचा फराळ आपल्याकडे नवा नाही

खाण्याच्या पदार्थाला फुलाचे रूप देण्याची हौस काही परदेशातून आलेली नाही. मराठी घरांत मैद्याच्या पुरीला चिरा देऊन ती दुमडली की चंपाकळी होते. चिरोट्याचे पदर तळताना गुलाबासारखे सुटतात. केरळमध्ये नाताळला तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध यांचे अच्चप्पम् करतात. लांब दांड्याचा लोखंडी फुलसाचा आधी गरम तेलात तापवायचा, मग पातळ पिठात बुडवायचा आणि पुन्हा तेलात धरायचा, की जाळीदार फूल साच्यातून सुटून तरंगू लागते. आंध्रात याच फुलांना गुलाबी पुव्वुलु म्हणतात. मंगळुरी ख्रिस्ती घरांत नाताळचा जो फराळ वाटतात त्या कुस्वारमध्येही ती असतात. श्रीलंकेत सिंहली नववर्षाला ती कोकीस म्हणून तळतात, तर नॉर्वे-स्वीडनमध्येही अशाच साच्याची फुले नाताळात होतात.

अच्चप्पम् करणाऱ्या बायका एक गोष्ट कटाक्षाने पाळतात. साचा पिठात काठापर्यंत बुडवायचा नाही, वरचा थोडा भाग कोरडा ठेवायचा. पीठ साच्याच्या वर चढले की फूल अडकून बसते आणि सोडवताना मोडते. साच्याला किती पीठ लावायचे नाही हे कळणे, यातच तिथले कौशल्य आहे. भाजलेल्या फुलांच्या बाबतीतही पुढे हेच दिसून येईल. लोणी, साखर, फुगवणारी पावडर, रंग या सगळ्यांत हात थोडा आवरता घ्यावा लागतो.

नानखटाई फुलते, फूल पसरते

मराठी माणसाला भाजलेल्या बिस्किटाची पहिली ओळख बहुधा नानखटाईने होते. घरात ओव्हन नसण्याच्या काळात दिवाळीआधी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मैदा, तूप आणि साखर डब्यांतून घेऊन बायका गल्लीतल्या बेकरीत जात. आपला घाणा भट्टीतून निघेपर्यंत बाकावर बसून राहत आणि गरम नानखटाईचा डबा घेऊन घरी परतत. त्यामुळे बिस्किटाविषयीच्या आपल्या अपेक्षाही नानखटाईने घडवल्या आहेत. तूप भरपूर हवे, सोडा हवा, वर भेग पडली पाहिजे, तोंडात टाकताच विरघळली पाहिजे. नानखटाईसाठी हे सगळे योग्यच आहे.

फुलासाठी मात्र यातले एकेक विरुद्ध जाते. सोडा किंवा बेकिंग पावडर उष्णतेने वायू सोडते आणि पीठ फुगते. फुगताना पाकळ्यांमधली खाच भरून येते आणि कड बोथट होते. नानखटाईला भेग शोभते, पाकळीला ती चालत नाही. म्हणून साच्याने कापायच्या बिस्किटांत सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही वगळलेलीच बरी.

दुसरे कारण स्निग्ध पदार्थाचे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते. वैशाखात नागपूरच्या किंवा इंदूरच्या स्वयंपाकघराचे तापमान याहून जास्त असते! असे अर्धवट वितळलेले पीठ ओव्हनमध्ये गेले की मैद्याला आकार धरायला वेळ मिळण्याआधीच लोणी वाहू लागते आणि पाकळी त्याच्याबरोबर पसरते. हेच पीठ गार असेल तर लोणी वितळेपर्यंत बाहेरची कड शेकून घट्ट होते आणि आकार टिकतो.

तिसरे कारण साखरेचे. जाड साखर ओव्हनमध्ये विरघळताना पीठ सैल करते, त्यामुळे बिस्किट पसरते. पिठीसाखरेने पसरणे कमी होते आणि पृष्ठभागही गुळगुळीत राहतो. चौथे कारण फेसण्याचे. केकसाठी लोणी आणि साखर हलकी होईपर्यंत फेसतात. फुलांच्या बिस्किटांसाठी ती नुसती एकजीव झाली की थांबावे. जास्त फेसल्याने आत शिरलेली हवा भाजताना प्रसरण पावते आणि पुन्हा तेच फुगणे सुरू होते.

साहित्य मोजून, अंदाजाने नव्हे

या बिस्किटांना अंडे लागत नाही, त्यामुळे शाकाहारी घरांतही ती निःशंकपणे करता येतात. साहित्य असे घ्यावे: मैदा ३०० ग्रॅम, लोणी १८० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, गार दूध दोन ते तीन चमचे, वेलदोड्याची पूड किंवा व्हॅनिला अर्धा चमचा आणि चिमूटभर मीठ. बाजारचे पिवळे खारे लोणी वापरले तर मीठ घालू नये. या मापात वीतभर नव्हे तर सहा सेंटिमीटर रुंदीची, अर्धा सेंटिमीटर जाडीची ३५ ते ४० फुले होतात.

मैदा शक्यतो वजनाने घ्यावा. एकच वाटी हलक्या हाताने भरली आणि दाबून भरली, तर मैद्यात बराच फरक पडतो. मैदा कमी पडला की फूल पसरते, जास्त झाला की लाटताना तडकते. स्वयंपाकाचा लहान वजनकाटा घरात असेल तर निम्मी चिंता मिटली.

लोणी इतपत मऊ असावे की बोट दाबले तर खळगा पडेल, पण बोट तुपकट होणार नाही. त्यात पिठीसाखर आणि वेलदोडा घालून लाकडी चमच्याने एकजीव करावे. मग चाळलेला मैदा घालून बोटांच्या टोकांनी सारखे करावे आणि दुधाचा हबका देत गोळा जमवावा. पोळ्यांच्या कणकेसारखे हे पीठ तिंबायचे नाही. मैदा ओला करून मळत गेले की त्यात ग्लुटेन नावाचा चिवट तंतू तयार होतो. पोळीला तो हवा असतो, बिस्किटात मात्र तो आला की ते कडक होते आणि लाटलेला आकार आक्रसतो.

गोळ्याचे दोन भाग करून, ते थोडे चपटे करून, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये तासभर ठेवावेत. मोठा गोळा आतपर्यंत लवकर गार होत नाही, म्हणून चपटा करायचा. आदल्या रात्री करून ठेवला तरी चालतो, उलट चांगलेच.

लाटणे आणि कापणे

गार झालेला एकच भाग बाहेर काढावा, दुसरा आतच राहू द्यावा. दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून लाटला की वरून मैदा भुरभुरावा लागत नाही. जाडी सगळीकडे सारखी असणे फार महत्त्वाचे. एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ फूल असले की पातळ पाकळी करपते आणि मधला भाग कच्चा राहतो. यासाठी एक सोपी युक्ती आहे. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवाव्यात आणि लाटणे त्यांच्यावरून फिरवावे. लाटणे पट्टीला टेकले की पोळी आपोआप हव्या त्या जाडीची होते.

साचा निवडताना रुंद, गोलसर पाकळ्यांचा निवडावा. अणकुचीदार, बारीक पाकळ्या दुकानात सुंदर दिसतात, पण त्यांची टोके आधी जळतात आणि डब्यात ठेवताना मोडतात. साचा मैद्यात बुडवून, झटकून, सरळ खाली दाबावा. तो फिरवला तर कड फाटते. फुले कापून झाली की ट्रेसकट पंधरा मिनिटे पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावीत. ही दुसरी थंडी अनेकजणी वगळतात, आणि नेमके तिथेच फूल बिघडते. लाटताना आणि उचलताना हाताच्या उबेने लोणी पुन्हा मऊ झालेले असते.

साचाच नसेल तर अडून बसायचे कारण नाही. बाटलीच्या झाकणाने सहा छोट्या चकत्या कापून, एक मध्ये आणि पाच भोवती किंचित चढवून ठेवल्या तर छान फूल होते. वाटीने गोल कापून, करंजीच्या कातण्याने कडेला पाच खाचा दिल्या तरी चालते. चकलीचा सोऱ्याही उपयोगी पडतो. त्यात तारेच्या आकाराची चकती घालून छोटी छोटी शेवंतीची फुले थेट ट्रेवर पाडता येतात. जर्मनीत नाताळात होणारी श्प्रित्झ बिस्किटे अशीच यंत्रातून दाबून काढतात. सोऱ्यासाठी मात्र पीठ थोडे सैल लागते. वरच्या मापात दुधाचे आणखी दोन चमचे घालावेत, पीठ फ्रिजमध्ये ठेवू नये आणि फुले पाडून झाल्यावर ट्रे गार करावा.

आच: ओव्हनची आणि कढईची

ओव्हन १७० अंशांवर दहा ते पंधरा मिनिटे आधी तापवून घ्यावा. तो पुरेसा तापलेला नसेल तर फूल आत बसल्या बसल्या वितळत राहते. ट्रे मधल्या खणात ठेवावा. मोठी आणि लहान फुले एकाच ट्रेमध्ये मांडू नयेत. चकलीचा पहिला वेढा जसा तळून बघतात, तसे सुरुवातीला एकच फूल भाजून बघावे. ते पसरले तर उरलेल्या पिठात चमचा-दोन चमचे मैदा मिसळावा किंवा पीठ आणखी गार करावे. तडे गेले तर दुधाचा हात लावावा. एका फुलाच्या बदल्यात चाळीस फुले वाचतात.

साधारण १२ ते १५ मिनिटांत कडांना फिकट सोनेरी रंग येऊ लागतो. तेव्हाच ट्रे बाहेर काढावा. पुष्कळजणी बिस्किट बोटाने दाबून बघतात आणि मऊ लागले म्हणून पुन्हा आत ठेवतात. गरम बिस्किट मऊच असते, गार होताना ते कडक होते. पाच मिनिटे ट्रेवरच राहू द्यावे, मग जाळीवर काढावे. लगेच उचलायला गेले तर पाकळी हातात येते आणि फूल ट्रेवर राहते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची कढई घ्यावी. तळाला मिठाचा बोटभर थर द्यावा, त्यावर लहान तिवई ठेवावी आणि घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावी. मग बटर पेपर लावलेल्या ताटलीत फुले मांडून ती तिवईवर ठेवावी आणि मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावीत. एका वेळी पाच-सहा फुलेच मावतात आणि वरून रंग फारसा येत नाही, पण चव उत्तम येते. प्रेशर कुकर आणि नॉनस्टिकची भांडी मात्र या कामाला वापरू नयेत. कोरडी तापवण्यासाठी ती केलेली नसतात. कुकर खराब होतो आणि नॉनस्टिकचा थर जास्त उष्णतेने बिघडतो.

आयसिंग किती, कसे?

फूल नीट भाजले गेले की सजावटीचा मोह सुरू होतो. इथे थोडा हिशेब करून पाहावा. वरच्या मापात एका फुलात सुमारे ३ ग्रॅम साखर जाते. त्यावर काठापासून काठापर्यंत आयसिंग चढवले तर आणखी ५ ग्रॅम तरी साखर वाढते. तीन फुले खाल्ली की २४ ग्रॅम झाली! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेबाबत मार्गदर्शन केले. त्यानुसार रोजच्या उष्मांकाच्या पाच टक्क्यांच्या आत साखर राखणे अधिक हिताचे, म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. लहान मुलाला त्याहून कमीच. वाढदिवशी कुणी वजनकाटा घेऊन बसत नाही हे खरे, पण पाकळीला नुसती कड काढली आणि मध्ये एक ठिपका दिला तर साखर एक-दोन ग्रॅमच वाढते, आणि फूल झाकले न जाता उठून दिसते.

आयसिंगची पारंपरिक कृती अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या भागाची आहे. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जंतूचा संसर्ग होऊ शकतो. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्यासाठी तो धोका पत्करू नये. घरी करायला साधी कृती पुरे. १०० ग्रॅम बारीक चाळलेल्या आयसिंग शुगरमध्ये लिंबाचे काही थेंब आणि पाणी थेंबाथेंबाने घालून घोटावे. साधारण तीन चहाचे चमचे पाणी लागते, पण ते एकदम ओतू नये.

घट्टपणा ओळखायची एक खूण आहे. मिश्रणात सुरीने रेघ ओढावी. रेघ तशीच टिकून राहिली तर ते कड काढायला योग्य. दहा-बारा मोजेपर्यंत रेघ मिटून गेली तर ते पाकळी भरायला योग्य. लगेच मिटली तर ते पातळ झाले, त्यात आणखी साखर घालावी. आधी घट्ट मिश्रणाने कड काढायची, ती जरा सुकू द्यायची, मग आत पातळ मिश्रण सोडून टाचणीने किंवा काडीने कोपऱ्यांत सारायचे. बांध घातल्याशिवाय पाणी सोडले की शेतात जे होते तेच इथेही होते. शंकू बटर पेपरचा करावा. दुधाची स्वच्छ पिशवी कोपऱ्यात बारीकशी कापली तरी काम भागते.

बिस्किट पूर्ण गार झाल्याशिवाय आयसिंगला हात लावू नये, नाहीतर ते वितळून ओघळते. मुंबई, कोकण, गोवा, कोलकाता, चेन्नई अशा दमट हवेच्या गावांत ते वाळायला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात तर रात्रभर पंख्याखाली ठेवूनही ते चिकट राहू शकते. अशा दिवसांत आयसिंगचा हट्ट सोडून भाजण्यापूर्वीच पाकळ्यांवर सुरीच्या उलट्या बाजूने शिरा कोराव्यात, मध्ये पिस्त्याचा काप किंवा बेदाणा दाबावा. तेही फूल देखणे दिसते.

रंग घरातले, फुले अंगणातली

रंगाचा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूमध्ये गुलाबी ‘म्हातारीच्या केसां’त ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग सापडल्यामुळे ती मिठाई विकण्यावर बंदी आली. मार्चमध्ये कर्नाटकानेही अशा रंगीत मिठाईवर आणि गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली. भारतात खाद्यपदार्थांत वापरायला आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांनाही प्रमाणाची मर्यादा आहे. म्हणून सुटी, नावगाव नसलेली रंगाची पुडी मुलांच्या खाण्यात कधीच जाऊ देऊ नये. विकतचा रंग घ्यायचाच असेल तर सीलबंद, परवाना क्रमांक असलेला घ्यावा आणि काडीच्या टोकाने वापरावा.

पण खरे म्हणजे त्याची गरज क्वचितच पडते. बीट किसून पिळले की त्याच्या रसाच्या दोन थेंबांनी आयसिंग गुलाबी होते. हा रंग भाजताना फिका पडतो, म्हणून तो पिठात न घालता आयसिंगमध्येच घालावा. चिमूटभर हळदीने पिवळा, दुधात घोटलेल्या केशराने केशरी, पालकाच्या रसाने हिरवा रंग मिळतो. हळद इतकीच घ्यावी की रंग दिसेल, वास येणार नाही. गोकर्णाची निळी फुले कोमट पाण्यात भिजवली की निळा रंग उतरतो आणि त्यात लिंबाचा थेंब टाकला की तो जांभळा होतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे जसे घराघरांत ठाऊक आहे, तसाच हा आंबट-खारेपणाचा खेळ. मुलांना तो दाखवला तर रंग तयार होता होता विज्ञानाचा एक धडाही होऊन जातो. हे घरचे रंग उजेडात फिकटतात, म्हणून फुले झाकून ठेवावीत.

सजावटीसाठी नमुने शोधत फार दूर जायला नको. बहुतेक पुस्तकांत डेझी आणि ट्यूलिप असतात, पण अंगणातली फुले करायला सोपी आणि ओळखीची. पाच पाकळ्यांची सदाफुली म्हणजे फिकट गुलाबी पाकळ्या आणि मध्ये गडद ठिपका. चाफा म्हणजे पांढऱ्या पाकळ्या आणि आतून पिवळी छटा. प्राजक्ताला पांढऱ्यावर मध्ये केशरी ठिपका पुरतो. जास्वंदीला लाल पाकळ्यांवर एक लांब पिवळी रेघ काढली की ती ओळखू येते. पांढरा, गुलाबी, पिवळा आणि केशरी एवढ्या चार वाट्यांत सगळी परडी भरते. दूर दिल्लीत किंवा बंगळुरूत वाढणाऱ्या नातवंडांना आजी या फुलांची नावे सांगू शकते, हा आणखी एक फायदा.

अलीकडे बिस्किटावर खरी फुले किंवा पाकळ्या चिकटवण्याची पद्धतही आली आहे. घरच्या कुंडीतला, औषध न फवारलेला गुलाब, झेंडू किंवा गोकर्ण त्यासाठी चालतो. फुलवाल्याकडची फुले मात्र खाण्यासाठी वाढवलेली नसतात, त्यांवर कीटकनाशक असू शकते. कण्हेर, पिवळी बिट्टी आणि धोतरा ही फुले तर विषारी आहेत. ती शोभेपुरतीही बिस्किटाजवळ ठेवू नयेत. मण्यांसारखे कडक चंदेरी गोळे आणि चमकीही लहान मुलांच्या बिस्किटांवर टाळावीत. गोळे घशात अडकू शकतात आणि दुकानात मिळणारी प्रत्येक चमकी खाण्यासाठी नसते.

एकटीने नको, एका दिवसात नको

या कामात सगळ्यांत जास्त चुकते ते वेळेचे गणित. वाढदिवसाच्या सकाळी पीठ भिजवायला घ्यायचे आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर सजवलेली फुले ठेवायची, असा बेत केला की थंड करण्याचे टप्पे गळतात, गरम बिस्किटांवर आयसिंग जाते आणि शेवटी घरातली बाई थकून, चिडून जाते. त्यापेक्षा काम तीन दिवसांत वाटावे. पहिल्या रात्री पीठ करून फ्रिजमध्ये ठेवावे, त्याला वीस मिनिटे लागतात. दुसऱ्या दिवशी फुले कापून भाजावीत. तिसऱ्या दिवशी निवांतपणे सजवावीत आणि रात्रभर वाळू द्यावीत. चौथ्या दिवशी वाढदिवस!

शिवाय हे काम एकटीचे नाही. साचा दाबायला पाच वर्षांचे मूलही पुरेसे आहे. मग तो मुलगा असो की मुलगी. लाटायला नवऱ्याचा हात लागला तर उत्तमच. ओव्हनचे दार आणि गरम ट्रे मात्र मोठ्यांनीच हाताळावा. मुलांना सजवायला द्यायचे तर त्यांच्यासाठी सहा-सात फुले वेगळी काढून ठेवावीत आणि ती नंतर ‘नीट’ करायला जाऊ नये. आईने गुपचूप पुसून पुन्हा काढलेली पाकळी मुलांच्या लगेच लक्षात येते आणि पुढच्या वेळी ती स्वयंपाकघरात फिरकत नाहीत. वाकड्या पाकळीची सदाफुली मुलाने स्वतः बशीत मांडून मित्राला दिली, तर तिची चव काही कमी होत नाही.

आयसिंग न केलेली फुले घट्ट झाकणाच्या डब्यात दहा-पंधरा दिवस खुसखुशीत राहतात. सजवलेली आठवड्याभरात संपवावीत. प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालावा आणि ती फ्रिजमध्ये ठेवू नयेत, बाहेर काढताच त्यांना पाणी सुटते. नरम पडलेली साधी फुले १५० अंशांवर चार-पाच मिनिटे पुन्हा शेकली की कुरकुरीत होतात.

हात बसला की शेजारपाजारच्या ऑर्डरी येऊ लागतात आणि अनेक घरांत यातून जोडधंदाही उभा राहतो. अशा वेळी ‘घरगुतीच तर आहे’ म्हणून सूट घेऊ नये. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घरून पदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. पाकिटावर गहू, दूध आणि सुकामेवा वापरल्याचे स्पष्ट लिहावे, कारण काही मुलांना यातल्या एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असते आणि ते त्यांच्या जिवावरही बेतू शकते. दर ठरवताना केवळ मैदा आणि लोण्याचा खर्च धरून चालत नाही. तीन दिवसांत विभागलेली आपली मेहनतही त्यात धरली पाहिजे. बहुतेक गृहिणी हाच आकडा मांडायला संकोचतात.

फळीवर ठेवलेला साचा असेल तर तो काढून धुऊन, कोरडा करून घ्यावा. पहिल्या खेपेला निम्म्याच मापाचे पीठ भिजवावे, रात्री फ्रिजमध्ये ठेवावे आणि सकाळी एकच फूल भाजून पाहावे. त्याच्या पाचही पाकळ्या मोजता आल्या, की उरलेला ट्रे बिनधास्त आत जाऊ द्यावा.